चारी ताब्यात घेण्याआधी गावानं काय मागून घ्यावं? (पाणी वापर संस्था, कालवा देखभाल, ग्रामपंचायतीची भूमिका)

शेपटाकडचा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण येत्या ग्रामसभेत आम्हाला निर्णय घ्यायचाय, म्हणून सगळं मांडतो.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, एका मध्यम प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात. कालवा, त्याच्यावर वितरिका, वितरिकेवर आमची चारी, आणि त्या चारीच्या शेपटाला आमची रानं. प्रकल्पाचं नाव देत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, मार्ग शोधायचाय. चारीवर २००५ च्या कायद्याखाली (महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम) पाणी वापर संस्था झालेली आहे. अधिसूचना निघाली, मतदार यादी लागली, संचालक निवडून आले. चारी मात्र अजून जलसंपदा खात्याकडेच आहे. आता उपविभागाचं पत्र आलंय की संयुक्त पाहणी करा, करारनामा करा आणि चारी ताब्यात घ्या.

चारीची हालत सांगतो. वरच्या निम्म्या भागात पाणी चालतं. खाली भराव बसलाय, गाळ चढलाय, दोन्ही काठांवर वेडी बाभूळ आणि बेशरम माजलीय. पोटचाऱ्यांची (चारीतून रानात पाणी नेणाऱ्या छोट्या चाऱ्यांची) दारं बहुतेक ठिकाणी गायब, तिथं गोणपाट आणि दगड. वितरिकेवर डोंगळे (चोरून पाणी उचलायचे पाइप) टाकून रात्री मोटारी चालतात. चारीच्या तोंडाशी पाणी मोजायला बांधलेला फ्लूम आहे, पण त्याची मोजपट्टी पुसून गेलीय आणि एक बाजू फुटलीय. उन्हाळी आवर्तनात (ठरलेल्या दिवसांसाठी कालव्याला पाणी सोडतात तेव्हा) आमच्यापर्यंत पाणी आलं तर नशीब. पाटकऱ्याला (पाणी सोडणाऱ्या खात्याच्या माणसाला) दोष देऊन उपयोग नाही. पदं रिकामी असल्यामुळे एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन बिटं (कालव्याचे नेमून दिलेले भाग) आहेत, तो तरी कुठं कुठं पुरणार?

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ताबा घेऊ नका, खातं आपली जबाबदारी आपल्या गळ्यात मारतंय. फुटलेली चारी घेतली की दुरुस्ती आपल्या डोक्यावर, आणि पाणी आलं नाही तर शिव्याही आपल्यालाच. दुसरा म्हणतो, खात्याकडे ठेवून इतक्या वर्षांत काय मिळालं? निदान दाराची किल्ली तरी आपल्या हातात येईल.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. पाणी मोजून मिळायला हवं. कायद्याचा गाभाच तो आहे. संस्थेला पाण्याचा हक्क घनमापनानं ठरवून द्यायचा, पाणीपट्टी त्या पाण्याच्या घनफळावर घ्यायची, आणि आत कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवायचं. चारीच्या तोंडाशी किती पाणी आलं हेच जर कुणाला सांगता येत नसेल, तर करारनाम्यातले सगळे आकडे हवेत राहतात. मग आमच्या वाट्याचं पाणी वर कुणी उचललं की आमच्याच चारीत मुरलं, याचा निवाडा कशावर करायचा?

तर प्रश्न असे. ज्यांनी चारी किंवा वितरिका ताब्यात घेतलीय, त्यांनी पाहणीत काय काय लिहून घेतलं? दुरुस्ती आधी की ताबा आधी? आणि ग्रामपंचायतीला यात काही अधिकार आहे का, की ती फक्त ठराव करून मोकळी?

---

दिंडोरीकर

माझी नात्यातली बरीच माणसं वाघाडच्या लाभक्षेत्रात आहेत, म्हणून लिहितो. ताब्याचा विषय निघाला की वाघाडचं नाव येतंच. पण तिथं सुरुवात कुठून झाली ते लोक विसरतात.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आहे आणि कालव्याचं शेपूट ओझरकडे येतं. धरण झालं, कालवा झाला, पण शेपटाकडच्या शेतकऱ्यांना कित्येक वर्षं पाणी दिसलं नाही. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या आसपास संस्था उभारायला घेतल्या त्या या शेपटाच्या लोकांच्या. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन संस्था आधी झाल्या. त्यांनी आपल्या वाट्याचं पाणी मागितलं, मोजून घेतलं आणि ते सगळ्यांना पुरवून दाखवलं. मग वरचे लोक विचारायला लागले की यांना जमतं तर आपल्याला का नाही. अशा करत २४ संस्था झाल्या आणि २००३ च्या सुमारास अख्ख्या प्रकल्पाचं सिंचन व्यवस्थापन प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आलं. २००५ चा कायदा त्यानंतरचा आहे. म्हणजे कायदा येण्याआधीच हे लोक बरंच पुढं गेले होते.

शेपटाकडून सुरुवात व्हायला कारण होतं. वरच्याला पाणी तसंही मिळतं, त्यामुळे त्याला संस्थेची निकड नसते. खालच्याला ती असते. संस्था वरच्यांच्या हातात असेल तर पाणी वाटपाचा नियम कागदावर राहतो. म्हणून कायद्यात संचालक चारीच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतून सारखे घ्यायला सांगितलेत, आणि अध्यक्षपदही या भागांत फिरतं ठेवलंय. तुमच्या संस्थेत हे खरोखर पाळलंय का, आधी तपासा. शेपटाचे संचालक नावाला असतील आणि बैठक वरच्याच्या ओट्यावर होत असेल, तर ताबा घेऊन फरक पडणार नाही.

दुसरं म्हणजे विहिरी. वाघाड भागात द्राक्ष आणि भाजीपाला वाढला तो नुसत्या पाटाच्या पाण्यावर नाही. कालव्याचं पाणी मुरतं, नाल्यावर बंधारे घातले की विहिरीला उतरतं, आणि दोन आवर्तनांच्या मधला खंड विहिरीवर निघतो. तुमच्या संस्थेनं चारीबरोबर विहिरींचाही हिशेब ठेवायला सुरुवात करावी.

---

निवृत्त मोजणीदार

आयुष्य कालव्यावर गेलं, म्हणून थोडं सविस्तर.

धागाकर्त्यानं फ्लूमचा मुद्दा काढला हे उत्तम. पण नवीन फ्लूम बांधून काम भागत नाही. फ्लूममधून पाणी मोकळं पडलं पाहिजे, म्हणजे खालची पातळी वरच्या पातळीपेक्षा पुरेशी कमी हवी. तरच मोजपट्टीवरचा आकडा तक्त्यात पाहून विसर्ग काढता येतो. खाली चारीत गाळ आणि गवत असेल तर पाणी तुंबतं आणि फ्लूम बुडतो. मग मोजपट्टीवर पातळी जास्त दिसते, तक्ता जास्त विसर्ग सांगतो, आणि प्रत्यक्षात पाणी कमी गेलेलं असतं. बिल जास्तीचं येतं आणि शेपूट कोरडं राहतं. हे मी माझ्या डोळ्यांनी अनेक चाऱ्यांवर पाहिलंय. म्हणून गाळ काढणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं समजू नका. करारनाम्यात फ्लूमच्या खालच्या भागाची सफाई आवर्तनाआधी कोण करणार, हे स्वतंत्र कलम म्हणून घाला.

आता हिशेब. पोटचारीच्या दारातून साधारण ३० लिटर प्रति सेकंद सुटतं असं धरतात, म्हणजे जवळपास एक क्युसेक. तासाला १०८ घनमीटर. एका हेक्टरला ८ सेंटिमीटरची पाळी द्यायची तर ८०० घनमीटर लागतात, म्हणजे साडेसात तासांच्या आतबाहेर. हेच पाणी शेपटाला पोचेपर्यंत १५ लिटर उरलं तर त्याच रानाला १५ तास लागतील. शेजपाळीत, म्हणजे ओळीनं एकेका शेताला पाणी देण्याच्या पद्धतीत, तासांचा वाटा क्षेत्रावर ठरतो. त्यामुळे वरच्याला आणि खालच्याला सारखेच तास दिले तरी खालचं रान अर्धंच भिजतं. गळतीचा तोटा सगळ्यांत वाटून घ्यायचा असेल तर शेपटाला तास वाढवून द्यावे लागतात. चालवणारी संस्था असेल तर हे करता येतं. खात्याच्या पाटकऱ्याला एकट्यानं हा निर्णय घेता येत नाही.

आणि पाळी शेपटाकडून वर चालवा. आवर्तन सुटलं की पाणी आधी शेवटच्या दाराला, मग एकेक दार वर. वरून खाली चालवलं तर आवर्तन संपेपर्यंत शेपटाचा नंबर येतोच असं नाही.

---

शेपटाकडचा

मोजणीदार काका, फ्लूम बुडण्याचं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या फ्लूमच्या खाली गुडघाभर गाळ आहे. मागच्या आवर्तनात पुरेसं पाणी सोडल्याची नोंद आणि आमची कोरडी रानं यांचा मेळ लागत नव्हता, तो बहुधा इथं लागतोय.

---

राहुरी ते नेवासा

मी विरोधी बाजू मांडतो, रागावू नका. आपल्याच जिल्ह्यात मुळा प्रकल्पावर चांद्याला दत्त पाणी वापर संस्था होती, १९८० च्या दशकाच्या शेवटी, राज्यातल्या अगदी पहिल्यांपैकी. म्हणजे हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. तरी आज राज्यभर किती संस्था खरंच पाणी चालवतात आणि किती फक्त शिक्क्यापुरत्या आहेत, हे कुठल्याही लाभक्षेत्रात फिरून बघा. अधिसूचना निघते, निवडणूक होते, ताबा होतो, दोन हंगाम उत्साह टिकतो. मग वरचा कालवाच वेळेवर सुटत नाही. संस्थेनं पट्टी गोळा केलेली असते, लोक पैसे परत मागतात, आणि सचिव घरी बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. संस्थेनं पट्टी थकवली तर काय, हे त्यात लिहिलेलं असतं. खात्यानं ठरलेलं पाणी दिलं नाही तर काय, हेही तितक्याच ठळक अक्षरांत हवं. ते मान्य होत नसेल तर सही करू नका.

---

दिंडोरीकर

@राहुरी ते नेवासा, मुद्दा मान्य. म्हणूनच एकट्या चारीच्या संस्थेवर थांबू नये. वरचा कालवा हातात नसेल तर खालची संस्था कायम याचक राहते. कायद्यात चारी, वितरिका, कालवा आणि प्रकल्प असे चार स्तर आहेत ते याचसाठी. वितरिकेवरच्या बाकीच्या संस्थांना बरोबर घ्या. एका चारीचं पत्र फायलीत जातं. अख्ख्या वितरिकेचे अध्यक्ष मिळून कार्यकारी अभियंत्यासमोर बसले की आवर्तनाच्या तारखेवर बोलणं होतं.

शिवाय कालवा सल्लागार समिती. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावर रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं किती, पिण्याला किती, उद्योगाला किती हे ठरतं. मोठ्या प्रकल्पांत ही बैठक पालकमंत्र्यांसमोर होते. तिथं आमदार, खासदार, साखर कारखान्यांची मंडळी असतात. शेपटाच्या संस्थेचा माणूस तिथं बसला पाहिजे, आणि त्याच्या हातात मागच्या वर्षीच्या सगळ्या आवर्तनांच्या मोजणीची वही पाहिजे.

---

माळरानातली

आतापर्यंत सगळे दारं, फ्लूम आणि समित्यांवर बोललात, म्हणून एक वेगळी गोष्ट मांडते.

या कायद्यात संस्थेचा सभासद म्हणजे लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबाऱ्यावर नाव नसेल तर मत नाही. आमच्याकडे रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधावर उभ्या राहणाऱ्यांत बायका असतात. दार फुटलं, पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं, हे आधी आम्हाला कळतं. संचालक मंडळावर महिलांना जागा आहेत, पण त्या जागेवर बसणारीच्या नावावर जमीन लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी ज्या घरात कर वाचवायला किंवा योजनेसाठी बाईच्या नावावर तुकडा केलाय, तिथली बाई सही करायला बोलावतात. तिला ना आवर्तनाची तारीख माहीत असते, ना ठराव.

धागाकर्त्याला विनंती. ताबा घेण्याआधी गावात जोडीनं सातबारा करण्याची मोहीम घ्या, पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावा. आणि संस्थेची बैठक रात्री नऊला पारावर ठेवू नका. आमच्या गावात बैठक दुपारी शाळेत घ्यायला लागल्यावर बायका यायला लागल्या, आणि कुठली पोटचारी कुठं फुटते याची यादी एकाच बैठकीत तयार झाली.

---

मुठाकाठ

मी पुण्यात राहतो, शेती नाही. तरी लिहितो, कारण कालव्याची देखभाल हा फक्त शेतकऱ्यांचा विषय नाही.

खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा शहराच्या मधून पुढं दौंड, इंदापूरकडे जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला तो दांडेकर पुलाजवळ, जनता वसाहतीच्या भागात फुटला. भर दिवसा झोपड्यांमध्ये पाणी शिरलं, संसार वाहून गेले. भरावात उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी बिळं केल्यामुळे कालवा फुटला, असं तेव्हा सांगण्यात आलं. बिळांमुळे भराव पोखरतो हे अभियांत्रिकीच्या दृष्टीनं खरंच आहे, मातीच्या भरावातून पाणी झिरपायला वाट मिळाली की ती मोठी होत जाते. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. काठावर नियमित फिरणारा माणूस असला तर ओल दिसते, माती खचलेली दिसते.

शहरात अडचण अशी की कालवा जलसंपदा खात्याचा, काठावरची वस्ती महापालिकेच्या हद्दीत, कचरा महापालिकेचा, केबलवाले आणि पाइपवाले आणखी वेगळे. काठ कुणी खोदला हे कुणाच्याच वहीत नसतं. आता कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करायची योजना आहे. तो होईल तेव्हा होईल, तोवर कालव्यात पाणी आहेच. काठावर काहीही खोदायचं तर जलसंपदा आणि महापालिका दोघांचीही एकत्र परवानगी, आणि पावसाळ्याआधी दोघांची मिळून पायी पाहणी, इतकं तरी व्हायला हवं. पाहणीचा अहवाल प्रभागात लावावा. खाली राहणाऱ्या माणसाला तो वाचण्याचा हक्क आहे.

---

विहीरवाला

अस्तरीकरणाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे चारी ताब्यात देताना खातं म्हणतं, आधी काँक्रीटचं अस्तर करून देतो. ऐकायला छान वाटतं. पण कालव्याच्या झिरप्यावर काठच्या विहिरी चालतात. अस्तर झालं की त्या आटतात. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती आणि इंदापूर भागात लोकांनी विरोध केला तो याच भीतीनं, आणि ती भीती खोटी नाही. उलट शेपटाचा शेतकरी म्हणणार की तुमच्या विहिरीत मुरलेलं पाणी माझ्या वाट्याचं होतं. त्याचंही खरं.

माझ्या मते सरसकट अस्तर नको. जिथं भराव उंच आहे, जिथं फुटायचा धोका आहे, जिथं खालून काळी माती खचते, तिथं करावं. बाकी ठिकाणी गाळ काढा, काठ दाबून घ्या, दारं बसवा. आणि काठच्या विहिरींवर संस्थेनं काही पट्टी लावावी, कारण त्यांनाही कालव्याचंच पाणी मिळतंय. मी स्वतः काठचा आहे आणि मी ती पट्टी देईन.

---

निवृत्त मोजणीदार

विहीरवाल्यांशी सहमत. अस्तराच्या कामात तळ आणि उतार बिघडवून ठेवतात, तेही पाहा. उतार चुकला की नवीन काँक्रीटवरही गाळ बसतो.

---

साक्रीकर

आमच्या भागातली फड पद्धत इथं सांगायलाच हवी. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर दगडी बंधारे घालून त्यांतून पाट काढलेले, कित्येक शतकांपासून. सरकार नव्हतं तेव्हापासून शेतकरी हे चालवतात. लाभक्षेत्राचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार, असं. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की पंच बसून एखादा फड पडीक ठेवायचे. त्यामुळे टंचाईचा बोजा एकट्या शेपटावर पडत नसे, सगळ्यांच्याच वाट्याला यायचा.

पाण्यावर पगारी माणूस, पाटकरी, त्याच्यावर हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. पाणी कधी कुणाला द्यायचं ते पाटकरीच ठरवणार, त्यामुळे भावकीचं भांडण बांधावर येत नाही. पाटाची सफाई सगळ्यांनी मिळून, ज्याचं जितकं क्षेत्र तितकं काम, नाहीतर तितके पैसे.

आता वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी वाढल्या, प्रत्येकाला हवं ते पीक घ्यायचंय. बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण तुमच्या संस्थेला त्यातून दोन गोष्टी घेता येतील. पाणी देणारा माणूस संस्थेचा पगारी असावा आणि गावातल्या कुठल्याच भावकीच्या दावणीला बांधलेला नसावा. आणि टंचाईच्या वर्षी कुणाचं क्षेत्र किती कमी करायचं हा नियम सुकाळात लिहून ठेवावा. दुष्काळ आल्यावर बसलात तर भांडणच होणार.

---

डेल्फ्टकर

कामानिमित्त नेदरलँडमध्ये असते, म्हणून थोडी भर. इथं पाण्याचा कारभार निवडून आलेल्या स्वतंत्र स्थानिक संस्थांकडे आहे, त्यांना वॉटरस्खाप म्हणतात. नगरपालिकेपेक्षा वेगळ्या, स्वतःचा कर लावणाऱ्या, काही तर मध्ययुगापासूनच्या. एकेकाळी अडीच हजारांच्या वर होत्या, एकत्र करत करत आता २१ उरल्यात. दर चार वर्षांनी प्रांताच्या निवडणुकीबरोबर यांचीही निवडणूक होते, शेवटची २०२३ मध्ये झाली.

तुमच्या चारीशी जुळणारी गोष्ट म्हणजे शरद ऋतूतली चर पाहणी. ज्याच्या जमिनीला लागून चर आहे त्यानं ठरलेल्या तारखेच्या आत गवत आणि गाळ काढायचा. मग संस्थेचे लोक येऊन पाहणी करतात. साफ नसेल तर सूचना, तरी नाही केलं तर संस्था स्वतः काम करून घेते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. तारीख आधीच जाहीर असते, त्यामुळे कुणाला सबब राहत नाही. तुमच्याकडे आवर्तनाच्या तारखेला असं जोडता येईल का?

---

ग्रामविकास

ग्रामपंचायतीच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो. त्या कामात बरीच वर्षं आहे.

७३ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन आणि पाणी व्यवस्थापन हे विषय पंचायतींसाठी आहेत. प्रत्यक्षात आपल्याकडे १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यात पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे वगैरे. त्यावर मृद व जलसंधारण, आणि मोठं सगळं जलसंपदा खात्याकडे. म्हणजे तुमच्या मध्यम प्रकल्पाच्या चारीवर ग्रामपंचायतीची मालकी नाही आणि पाणी वाटपाचा अधिकारही नाही. तो संस्थेचा आणि खात्याचा. ग्रामपंचायत आणि पाणी वापर संस्था यांची गल्लत केली तर सरपंचाचा गट आणि संस्थेचा गट एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे मी पाहिलंय.

पण ग्रामपंचायतीला करण्यासारखं खूप आहे. चारीचा गाळ आणि झुडपं काढणं रोजगार हमीच्या कामांत घेता येतं, त्यासाठी आराखड्यात नाव आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. तो वेळेत करा, आराखडा मंजूर झाल्यावर नाही. चारीच्या काठावरचा रस्ता, त्यावरची अतिक्रमणं, गावाचं सांडपाणी चारीत सोडणं, हे थेट ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतं. बऱ्याच गावांत चारी गटार झालीय आणि त्याला खातं जबाबदार नाही, गाव आहे.

आणि पाण्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. संस्थेनं प्रत्येक आवर्तनानंतर पाणी किती मिळालं, कोणत्या दाराला किती तास दिलं, पट्टी किती जमली आणि दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे ग्रामसभेसमोर ठेवायचं. कायदा एवढं सक्तीचं करत नसला तरी संस्थेनं स्वतःच्या उपविधीत घालून घ्यावं. राज्याच्या जलसंपदा खात्यानं प्रकल्पवार जललेखा (पाण्याचा जमाखर्च) आणि सिंचन स्थितीदर्शक अहवाल काढलेले आहेत. तीच शिस्त चारीला लावायची.

कोल्हापुरी बंधाऱ्यांवरून एक अनुभव. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे आणि पावसाळ्याआधी काढून ठेवायचे, एवढं साधं काम. तरी बरगे कुणाच्या ताब्यात, कुठल्या खोलीत आणि मोजून किती, याची नोंद नसेल तर ते चोरीला जातात आणि बंधारा कोरडा राहतो. म्हणून ताबा घेताना प्रत्येक दार, प्रत्येक चाक आणि प्रत्येक किल्ली मोजून यादी करा. त्यावर खात्याची आणि संस्थेची सही घ्या, प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

---

राहुरी ते नेवासा

ग्रामविकास यांचा प्रतिसाद वाचून माझा विरोध थोडा नरमला. हिशेब ग्रामसभेत वाचला गेला तर शिक्क्यापुरती संस्था टिकणार नाही. पण डोंगळ्यांचं काय? वितरिकेवर रात्री मोटार टाकणारा माणूस बहुधा गावातला वजनदार असतो. १९७६ च्या पाटबंधारे कायद्यात परवानगीशिवाय पाणी घेणं आणि कालवा फोडणं हा गुन्हा आहे, पण तक्रार कोण करणार?

---

दिंडोरीकर

तक्रार एकट्यानं करायची नसते. मोजणीची वही असली की नाव न घेताही तक्रार होते. "वितरिकेच्या तोंडाला इतकं सोडलं, आमच्या चारीच्या तोंडाला इतकंच आलं, मधली तूट शोधून द्या", असं पत्र संस्थेच्या सहीनं द्यायचं. मग शोधायची जबाबदारी खात्यावर येते. वितरिकेवरच्या सगळ्या संस्थांनी असं पत्र दिलं तर वजनदार माणसालाही मोटार काढावी लागते. सगळीकडे होईल असं म्हणत नाही, पण झालेलं पाहिलंय.

---

शेपटाकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संचालक मंडळाच्या बैठकीत हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. वरच्या भागातले दोघं संचालक चिडले, पण उठून गेले नाहीत.

ठरलं ते असं. ताबा घ्यायला आमची ना नाही, पण संयुक्त पाहणीत फ्लूमची दुरुस्ती, त्याखालची सफाई आणि शेवटच्या दारापर्यंत पाणी चालवून दाखवणं या तीन गोष्टी झाल्याशिवाय करारनाम्यावर सही नाही. कायद्यातही दुरुस्ती आणि मोजमापाची सोय खात्यानं करून द्यायची आहे, त्यामुळे आम्ही जगावेगळं काही मागत नाही. झुडपं आणि गाळ यांचा ठराव ग्रामसभेत रोजगार हमीसाठी मांडतोय. पाळी शेपटाकडून वर चालवायची यावर मात्र एकमत झालं नाही. वरचे म्हणतात, पहिलं वर्ष जुन्या पद्धतीनं चालू द्या. मी ते मान्य केलेलं नाही. पहिल्या वर्षी जो पायंडा पडेल तोच पुढं चालेल, असं मला वाटतं. माळरानातली ताई, बैठक दुपारी शाळेत घ्यायची हे पहिल्या झटक्यात मान्य झालं. सातबाऱ्याच्या मोहिमेसाठी तलाठ्यांशी बोलतोय.

एक शेवटचा प्रश्न. संयुक्त पाहणी कधी ठेवावी? उपविभाग म्हणतो, आवर्तन बंद असताना ठेवा, चारी कोरडी असली की सगळं नीट दिसतं.

---

निवृत्त मोजणीदार

दोनदा ठेवायला सांगा. चारी कोरडी असताना भराव, तडे, दारं, फ्लूमचा तळ आणि गाळाची उंची दिसते. ती पाहणी आधी करा आणि फोटो काढून ठेवा. पण सही त्या पाहणीवर करू नका.

दुसरी पाहणी आवर्तन चालू असताना. सकाळी चारीचं दार पूर्ण उघडायला लावा, पाणी स्थिर व्हायला वेळ द्या. मग फ्लूमवर तासातासाला वाचन घ्या, त्याच वेळी शेवटच्या दाराशी व्ही-नॉच (पाणी मोजायची व्ही आकाराची खाच असलेली पाटी) लावून तिथलं वाचन घ्या. दोन्हीकडे खात्याचा एक आणि संस्थेचा एक माणूस, घड्याळं जुळवून. फ्लूमच्या वरची आणि खालची पातळी दोन्ही लिहा, म्हणजे फ्लूम बुडालाय का ते तिथंच कळेल. वाचन निदान एक दिवस आणि एक रात्र चालू ठेवा. डोंगळे रात्री चालतात, दिवसाचं वाचन घेऊन ते सापडणार नाहीत. वहीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, आणि तीच वही करारनाम्याला जोडपत्र म्हणून लावा. व्ही-नॉचची पाटी मिळत नसेल तर मला निरोप पाठवा, आमच्या जुन्या माणसांकडे एक-दोन आहेत. मापं आणि तक्ता उद्या इथंच लिहून टाकतो.